इंटरनेटवरील नांवाची नोंद कोणाकडे करावी?

गेल्या चार-पांच वर्षांत आपल्या संघाच्या सभासदांपैकीं पुष्कळांनीं आपला माल अडत्याच्या हातीं न देतां थेट गिऱ्हाइकास पोंचविण्याची खटपट सुरू केली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. कोणी हापूसच्या पेट्या पाठवितात, कोणी हळद दळून पुड्या भरतात, कोणी गूळ, कोणी बेदाणा. अशा व्यवहारास इंटरनेटवर स्वतःचें एक ठिकाण असावें लागतें आणि त्या ठिकाणास एक नांव लागतें. या नांवास इंग्रजींत डोमेन नेम म्हणतात व आपल्याकडेही तोच शब्द रूढ झाला आहे. ठिकाण कसें सजवावें, त्यांत चित्रें कोणतीं घालावीं, याविषयीं सल्ला देणारे गल्लोगल्लीं आहेत. परंतु तें नांव नोंदवावयाचें कोणत्या कंपनीकडे, आणि ती कंपनी भरंवशाची आहे कीं नाहीं हें पाहावयाचें कसें, याचा विचार करणारा क्वचितच आढळतो. स्वस्त दिसलें तेथें नोंदविलें, एवढ्यावरच बहुतेकांचें काम आटपतें. माझें सारें आयुष्य नोंदींच्या दप्तरांत गेलें. एक नोंद भलत्याच्या नांवें पडली म्हणजे दोन-दोन पिढ्या कचेरीच्या पायऱ्या कशा झिजवितात हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. म्हणून या नव्या तऱ्हेच्या नोंदीविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें.

प्रथम हें नांव म्हणजे काय वस्तु आहे तें पाहूं. शेताला गट नंबर असतो. पण गांवांत त्या नंबरानें शेत कोणी ओळखत नाहीं. 'विहिरीचा मळा', 'चिंचेचें शेत' असेंच म्हणतात. इंटरनेटला जोडलेल्या संगणकासही असाच एक आंकड्यांचा नंबर असतो व तो माणसाच्या लक्षांत राहण्याजोगा नसतो. म्हणून नांव सांगितलें असतां नंबर शोधून देण्याची एक व्यवस्था १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस या अमेरिकन संशोधकानें आंखून दिली, व तीच आज सर्व जगांत चालते. 'डॉट कॉम' या शेवटाचें पहिलें नांव १५ मार्च १९८५ रोजीं नोंदलें गेलें. त्या काळीं नोंदीस फी नव्हती. १९९५ सालापासून दोन वर्षांस शंभर डॉलर अशी फी बसली, आणि तीही एकाच कंपनीस द्यावी लागे. कारण दुसरी कंपनीच नव्हती. १९९८ सालीं अमेरिकेंत आयकॅन नांवाची संस्था निघाली, तिनें अनेक कंपन्यांस नोंदणीचे परवाने दिले व १९९९ पासून चढाओढ सुरू झाली. चढाओढीनें भाव उतरला, हें खरें. पण पूर्वीं जो प्रश्न कोणास पडतच नव्हता, 'कोणाकडे नोंदवावें?', तो तेव्हांपासून प्रत्येकाच्या गळ्यांत पडला.

आतां ही नोंद कोठें होते तें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण सारा घोटाळा येथेंच होतो. मूळ दप्तर प्रत्येक शेवटासाठीं एकच असतें. 'डॉट कॉम'चें दप्तर व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीकडे आहे. 'डॉट इन'चें दप्तर निक्सी या आपल्या देशांतील संस्थेकडे आहे; ही संस्था २००३ सालीं स्थापन झाली व 'डॉट इन'ची नोंद सर्वांस खुली झाली ती २००५ सालापासून. परंतु या मूळ दप्तराशीं तुमचा आमचा थेट संबंध येत नाहीं. मध्यें परवानाधारक नोंदणी कंपनी असते, तिला रजिस्ट्रार म्हणतात. आपला अर्ज ती मूळ दप्तरीं चढविते. आणि तिच्याही खालीं तिचे पुनर्विक्रेते असतात. संगणकाचें दुकान, वेबसाइट तयार करून देणारा तरुण, शहरांतील जाहिरातीची पेढी, हे सर्व बहुधा या तिसऱ्या पायरीवरचे. तलाठ्याचें दप्तर, सेतु केंद्र, आणि केंद्राबाहेर झाडाखालीं बसून 'साहेब, तुमचा अर्ज मी करून देतों' म्हणणारा इसम, यांत जो फरक आहे तोच येथें आहे. झाडाखालचा इसम लबाडच असतो असें नाहीं. कित्येक फार भले असतात. पण तो उद्यां त्या झाडाखालीं असेलच याची हमी कोण देणार?

एक उदाहरण सांगतों. नांवें देण्याचें प्रयोजन नाहीं. शेजारच्या एका तालुक्यांत हळद पिकविणाऱ्या कांहीं शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन पुड्यांचा व्यवहार चालू केला. तालुक्याच्या गांवीं संगणकाचें दुकान चालविणाऱ्या एका होतकरू मुलाकडून त्यांनीं वेबसाइट करून घेतली. नांव, जागा, सजावट, सर्व मिळून एकच रक्कम ठरली. ती चुकती केली. माल चांगला होता, दोन हंगाम व्यवहार वाढत गेला. पुड्यांवर, खोक्यांवर, टेंपोच्या पाठीवर तें नांव छापलें गेलें. तिसऱ्या वर्षीं दुकान बंद झालें व तो मुलगा नोकरीनिमित्त दूर शहरीं निघून गेला. त्याचा जुना फोन बंद. एके दिवशीं पाहतात तों आपल्या नांवावर हळदीच्या ऐवजीं जुगाराच्या खेळाची जाहिरात! मंडळी कागद घेऊन माझ्याकडे आली. कागद म्हणजे काय, तर दुकानाची एक साधी पावती, तिच्यावर 'वेबसाइट कामाबद्दल' एवढेंच लिहिलेलें. कोणत्या कंपनीकडे नोंद होती, कोणाच्या नांवें होती, मुदत कधीं संपत होती, याचा त्यांत मागमूसही नव्हता. पुढें शोध करतां कळलें कीं नोंद त्या मुलाच्या स्वतःच्या नांवें व त्याच्याच ई-मेलच्या पत्त्यावर होती. मुदतीची आठवण करणारीं पत्रें तिकडे जात राहिलीं, पैसे कोणीं भरले नाहींत, नांव सुटलें आणि तें टिपून बसलेल्या तिसऱ्याच इसमानें उचललें. परत देण्यास तो चाळीस हजार रुपये मागूं लागला. शेवटीं नवें नांव घ्यावें लागलें, आणि छापलेल्या खोक्यांवर चिकटपट्ट्या लावीत बायका महिनाभर बसल्या होत्या. जुन्या गिऱ्हाइकांपैकीं किती परत आले तें त्यांनीं मला सांगितलें नाहीं व मींही विचारलें नाहीं.

या प्रकरणांत त्या मुलानें चोरी केली असें मला वाटत नाहीं. त्यानें कामाच्या सोयीकरितां स्वतःचें नांव घातलें, आणि विचारणाऱ्यांनीं विचारलें नाहीं. म्हणून माझें पहिलें म्हणणें हें कीं, कंपनी चांगली कीं वाईट हा प्रश्न दुसरा. नोंद कोणाच्या नांवें आहे हा पहिला. जमीन तुम्हीं कसावी आणि सातबारा कारागिराच्या नांवें असावा, हें तुम्हांस चालेल काय? शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर नोंद त्या कंपनीच्या नांवें असावी. चेअरमनच्या किंवा त्याच्या भाच्याच्या नांवें नव्हे. नोंदणी कंपनीचें खातें आपल्या ताब्यांत असावें, परवलीचा शब्द आपल्या तिजोरींत असावा, आणि तेथें दिलेला फोन कायम चालू ठेवण्याजोगा असावा. ई-मेलच्या पत्त्याविषयीं एक बारकी गोष्ट आहे, ती कोणी सांगत नाहीं. नव्या नांवावरच ई-मेलचा पत्ता काढतात व तोच नोंदणीच्या खात्यास देतात. नांवाची मुदत संपली कीं तो पत्ताही त्याबरोबर बंद पडतो. मग मुदत संपल्याचें पत्र यावयाचें कोठें? विहिरींत पडलेल्या पोहऱ्याचा दोरही विहिरींतच! तेव्हां खात्यास पत्ता द्यावयाचा तो निराळ्या ठिकाणचा.

नोंदीचा उतारा पाहण्याची सोय आहे व तीस पैसा पडत नाहीं. पूर्वीं या उताऱ्यास 'हू-इज' म्हणत. 'डॉट कॉम' वगैरे नांवांकरितां जानेवारी २०२५ पासून त्याची जागा आर.डी.ए.पी. नांवाच्या नव्या पद्धतीनें घेतली आहे. २०१८ सालीं युरोपांत खासगी माहितीच्या रक्षणाचा कायदा अमलांत आल्यापासून चारचौघांस दिसणाऱ्या उताऱ्यांत धारकाचें नांव बहुधा झांकलेलें असतें. तरी पण नोंदणी कंपनी कोणती, नोंद कोणत्या तारखेची, मुदत कोणत्या दिवशीं संपते आणि नांवास कुलूप आहे कीं नाहीं, इतकें त्यांत दिसतें. ज्या सभासदांचीं नांवें आधींच नोंदलेलीं आहेत त्यांनीं हा उतारा काढून पाहावा. आणि धारकाचें नांव पाहण्याकरितां, ज्यानें काम केलें त्यास समोर बसवून खातें उघडावयास लावावें. तो टाळाटाळ करील तर समजावयाचें तें समजावें.

आतां कंपनीविषयीं. परवाना आहे कीं नाहीं, ही पहिली पारख. आयकॅननें मान्यता दिलेल्या कंपन्यांची यादी आयकॅन स्वतः प्रसिद्ध करते व निक्सीनें मान्यता दिलेल्या कंपन्यांची यादी निक्सी. यादींत नांव नसेल तर तो पुनर्विक्रेता होय. मग 'तुमच्या वरची कंपनी कोणती?' असें विचारून तिचें नांव पावतीवर लिहून घ्यावें. मला कित्येकांनीं विचारलें कीं, 'तुम्हीच एखाद्या कंपनीचें नांव सांगा ना.' तें मी सांगणार नाहीं. बियाण्याच्या कंपनीचें नांव सांगणारा जसा दुसऱ्या वर्षीं तोंड लपवीत फिरतो तसें होण्याची मला हौस नाहीं; आणि कंपनी आज चांगली असली तरी ती उद्यां कोणाच्या हातीं जाईल याचा नेम नाहीं, हें पुढें दाखवितों.

दराची गोष्ट शेतकऱ्यास चटकन समजते म्हणून तिच्यावर जाहिराती पुष्कळ असतात. 'पहिलें वर्ष फक्त शंभर रुपयांत!' येथें लक्षांत ठेवावें कीं, हें नांव विकत मिळतच नाहीं. विक्रेते 'खरेदी' म्हणतात, पण वस्तुतः हा पट्टा आहे. कमींत कमी एक वर्षाचा व जास्तींत जास्त दहा वर्षांचा. आमच्या खात्यांत सरकारी पडीक जमीन एकसाली लावणीनें देत, त्यांतला प्रकार. तेव्हां पहिल्या वर्षाचा खंड किती हें विचारून उपयोग नाहीं. पुढच्या प्रत्येक वर्षाचा किती, तें विचारलें पाहिजे. व्हेरिसाइन 'डॉट कॉम'च्या एका नांवामागें नोंदणी कंपनीकडून वर्षास घेते ती रक्कम १ सप्टेंबर २०२४ पासून १०.२६ डॉलर झाली. म्हणजे जी कंपनी पहिल्या वर्षीं शंभर रुपयांत नांव देते ती पदरचे आठ-नऊशें रुपये घालते. कोणताही व्यापारी पदरचे पैसे धर्मादाय म्हणून घालीत नाहीं. तो ते दुसऱ्या वर्षीं, तिसऱ्या वर्षीं, किंवा तुम्हीं न मागितलेल्या दहा जोडवस्तूंवर वसूल करतो. नवीकरणाचा दर पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत, कराच्या रकमेसह सांगणारी कंपनी मला अधिक भरंवशाची वाटते, मग ती पहिल्या वर्षास दोनशें रुपये अधिक कां घेईना. खरेदीच्या यादींत आधींच खुणा करून ठेवलेल्या वस्तु असतात, त्या एकेक काढून टाकाव्या.

मुदत चुकल्यानें काय होतें याविषयीं मोठमोठ्यांचीं उदाहरणें आहेत. १९९९ सालच्या नाताळांत मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीनें आपल्या एका नांवाचे पस्तीस डॉलर भरावयाचे राहून गेले, आणि हॉटमेलच्या असंख्य लोकांस आपलीं पत्रें उघडतां येईनात. एका परक्या गृहस्थानें स्वतःच्या खिशांतून ते पस्तीस डॉलर भरले तेव्हां तें चालू झालें! सर्वांसच असा सज्जन भेटत नाहीं. आयकॅनच्या नियमाप्रमाणें मुदतीपूर्वीं सुमारें एक महिना व पुन्हां सुमारें एक आठवडा अशा दोन सूचना, आणि मुदत टळल्यावर पांच दिवसांचे आंत तिसरी सूचना, देणें कंपनीवर बंधनकारक आहे. 'डॉट कॉम'सारख्या नांवांस मुदतीनंतर जास्तींत जास्त पंचेचाळीस दिवसांपर्यंत सवलत देतां येते. परंतु ती किती द्यावी हें कंपनीच्या मर्जीवर असतें, व कांहीं कंपन्या त्या आंतच नांव लिलावांत काढतात. त्यापुढें तीस दिवसांचा एक काळ असतो, त्यांत नांव सोडवितां येतें पण भारी दंड देऊन. मग पांच दिवस, आणि नंतर तें कोणाचेंही. कंपनी निवडतांना या सवलतीचे दिवस किती व सोडवणुकीचा दंड किती, हीं दोन वाक्यें तिच्या नियमांतून शोधून वाचावींच. 'आपोआप पैसे कापले जातील' या आश्वासनावर विसंबूं नये. रिझर्व्ह बँकेचे कार्डावरील आपोआप वसुलीचे कडक नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले आहेत. आपण बँकेस आगाऊ संमति दिलेली नसेल, किंवा मध्यंतरीं कार्ड बदललें असेल, तर पैसे कापले जात नाहींत. माझें मत असें कीं, व्यवहार टिकेल अशी खात्री असल्यास एकदम पांच वर्षांचे पैसे भरून मोकळें व्हावें. दर वाढण्याचीही भीति तितकी वर्षें राहत नाहीं.

फेरफाराविषयीं जरा सविस्तर लिहितों, कारण तो माझा विषय. जमिनीचा फेरफार धरला कीं हितसंबंधी माणसांस नोटिसा निघतात, चावडीवर प्रत लागते, हरकतीस मुदत असते, आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. ही पद्धत कंटाळवाणी आहे अशी ओरड मीं तीस वर्षें ऐकली. परंतु ती नसेल तर काय होतें, हें अमेरिकेंतील एका खटल्यावरून दिसतें. १९९४ सालीं क्रेमेन नांवाच्या गृहस्थानें एक नांव नोंदविलें. शब्द अशोभनीय असल्यामुळें येथें छापीत नाहीं, पण त्या नांवाची किंमत फार मोठी होती. पुढल्याच वर्षीं कोहेन नांवाच्या भामट्यानें क्रेमेनच्या कंपनीच्या नांवें एक बनावट पत्र तयार करून नोंदणी कंपनीकडे नेलें. त्यांत लिहिलें होतें कीं, आमच्याकडे इंटरनेटची सोय नसल्यामुळें हें पत्र कोहेन यांचेमार्फत पाठवीत आहों! इंटरनेटवर धंदा करणाऱ्या कंपनीकडे इंटरनेट नाहीं, ही गोष्ट कोणाच्या मनांत आली नाहीं. मूळ धारकास एक फोन न करतां नोंद फिरविली गेली. कोर्टानें कोहेनवर साडेसहा कोटि डॉलरांची हुकूमनाम्याची रक्कम बसविली, पण तो देश सोडून पळाला. अखेर २००३ सालीं तेथील अपील कोर्टानें असें ठरविलें कीं, असें नांव ही मालमत्ता आहे आणि ती निष्काळजीपणें दुसऱ्यास दिल्याबद्दल नोंदणी कंपनीसही जबाबदार धरतां येईल. आज पत्रावर नोंद फिरत नाहीं. परंतु ज्याच्या हातीं तुमचा परवलीचा शब्द व फोनवर येणारा आंकडा, त्याच्या हातीं नोंद. नोटीस जाते ती फक्त दिलेल्या ई-मेलच्या पत्त्यावर. म्हणून कंपनीच्या खात्यास दुहेरी कुलूप लावण्याची सोय आहे काय, नांव दुसरीकडे न्यावयाचें झाल्यास ती कोणती खात्री करून घेते, आणि फोन केला असतां माणूस बोलतो कीं यंत्र, हें आधीं पाहावें. मी तर असें सुचवितों कीं, पैसे भरण्यापूर्वीं एक फोन करावा व एक साधी शंका विचारावी. पैसे घेण्याआधीं जो उत्तर देत नाहीं तो पैसे घेतल्यावर काय देणार!

मोठी कंपनी म्हणजे निर्धास्त, असा एक समज आहे. तो पुरता खरा नाहीं. २००७ सालीं रजिस्टरफ्लाय नांवाच्या अमेरिकन नोंदणी कंपनीचा कारभार इतका बिघडला कीं आयकॅनला तिची मान्यता काढून घ्यावी लागली. पैसे भरूनही नांवें नूतन होईनात अशा लोकांच्या तक्रारी होत्या. त्या प्रकरणानंतरच नोंदणी कंपन्यांनीं आपल्या नोंदींची एक नक्कल त्रयस्थाकडे ठेवण्याची व्यवस्था अमलांत आली. ही झाली बिघडलेल्या कंपनीची गोष्ट. पण गूगलसारख्या धनाढ्य कंपनीनेंही आपला नांवनोंदणीचा धंदा २०२३ सालीं स्क्वेअरस्पेस या दुसऱ्या कंपनीस विकून टाकला, आणि सुमारें एक कोटि नांवें एका गोठ्यांतून दुसऱ्या गोठ्यांत गेलीं. गिऱ्हाइकांस कोणीं विचारलें नाहीं. यावरून माझा निष्कर्ष असा कीं, कंपनींत शिरण्याचा दरवाजा किती सुबक आहे यापेक्षां बाहेर पडण्याचा किती मोकळा आहे तें पाहावें. नांव दुसऱ्या कंपनीकडे नेण्याकरितां एक गुप्त शब्द लागतो. 'डॉट कॉम' वगैरे नांवांविषयीं आयकॅनचा नियम आहे कीं, धारकानें मागितल्यावर तो पांच दिवसांचे आंत दिला पाहिजे. नव्या नोंदीनंतरचे कांहीं आठवडे नांव हलवितां येत नाहीं, तें सोडून. जी कंपनी हा शब्द खात्यांतूनच काढूं देते ती बरी. जी 'कारण लिहून पाठवा, आमचा मनुष्य आपणांस फोन करील' म्हणते, तिच्याकडे न जावें.

परदेशी कंपनी घ्यावी कीं देशी, यावर आपल्या मंडळींत बराच वाद झाला. केवळ स्वदेशी म्हणून गचाळ काम पत्करावें असें मी म्हणणार नाहीं. परंतु ज्या कंपनीची कचेरी व करनोंदणी या देशांत आहे, जी रुपयांत पावती देते व आपल्या भाषेंत निदान हिंदींत तरी बोलते, तिच्याशीं भांडणें शक्य असतें. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणें फिर्यादी जेथें राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करतां येते. व्यापारी कामाकरितां घेतलेल्या सेवेस हा कायदा लागत नाहीं, पण स्वतःच्या चरितार्थाकरितां स्वयंरोजगार करणाऱ्यास ती आडकाठी नाहीं. शेवट कोणता घ्यावा याविषयीं म्हणाल तर देशांत माल विकणाऱ्यास 'डॉट इन' पुरेसें आहे. आपल्या लिपींतील 'डॉट भारत' हा शेवट ऑगस्ट २०१४ मध्यें निघाला, व मराठी, हिंदी, कोंकणी इत्यादि भाषांकरितां देवनागरींत नांव मिळूं लागलें. मला तो मनापासून आवडतो. परंतु देवनागरी पत्त्यावरील ई-मेल अजून पुष्कळ ठिकाणीं स्वीकारली जात नाहीं, म्हणून तें जोडीला घ्यावें, एकटें नको.

रोमन अक्षरांचा एक धोका आहे. 'हापूस' शब्द तीन माणसें तीन तऱ्हांनीं लिहितात. १९९९ सालीं मुंबई हायकोर्टांत 'रेडिफ'नें 'रॅडिफ' असें नांव घेणाऱ्याविरुद्ध दावा केला; एका अक्षराचा फरक, पण कोर्टानें तें नांव वापरण्यास मनाई केली. २००४ सालीं सुप्रीम कोर्टानेंही सत्यम इन्फोवेच्या प्रकरणांत सांगितलें कीं, अशा नांवांस व्यापारी चिन्हाप्रमाणेंच संरक्षण मिळूं शकतें. कोर्टाचा खर्च ऐपतीबाहेरचा असतो. त्यापेक्षां चुकीच्या स्पेलिंगाचीं एक-दोन नांवें आधींच घेऊन ठेवणें स्वस्त. पत्त्याच्या शेवटास किती महत्त्व आहे हें रिझर्व्ह बँकेनेंही ओळखलें. तिनें बँकांस ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाकडे जाण्यास फर्माविलें आणि तीं नांवें नोंदण्याचें काम आय.डी.आर.बी.टी. या एकाच संस्थेकडे ठेवलें. अर्ज तपासल्याविना नांव मिळूं नये, हा त्यांतला हेतु उघड आहे. आपल्या जिल्हा बँकेचें पान उघडतांना सभासदांनीं हा शेवट पाहत जावा.

खोट्या सूचनांविषयीं थोडक्यांत. नांव नोंदलें कीं कांहीं दिवसांनीं 'आपल्या नांवाची मुदत संपत आहे, त्वरित भरणा करावा' अशीं सरकारी थाटाचीं पत्रें येऊं लागतात. पाठविणाऱ्याचा आपल्या नोंदीशीं कांहीं संबंध नसतो. दुसरा प्रकार असा कीं, 'परदेशांतील एक कंपनी आपलें नांव घेऊं पाहत आहे, चोवीस तासांत कळवा.' दोन्ही सरळ फाडून टाकावीं. पैसे भरावयाचे ते स्वतः आपल्या कंपनीच्या खात्यांत शिरून, पत्रांतील दुव्यावरून कधींच नव्हे.

आतां आपल्या संघासंबंधानें. कांहीं सभासदांची सूचना अशी आहे कीं, सर्वांचीं नांवें संघानेंच आपल्या नांवें एका कंपनीकडे नोंदवावीं. म्हणजे दरही कमी पडेल व मुदतही चुकणार नाहीं. सूचना करणारांचा हेतु चांगला आहे, पण मी तिला विरोध करणार आहें. आज संघाची कार्यकारिणी सरळ माणसांची आहे. दहा वर्षांनीं निवडणुकींत कोण येईल, आणि ज्याचा माल संघास नको झाला त्याच्या नांवाचें काय होईल? सोसायटीच्या वादांत सभासदांचे दाखले अडकून पडलेले मीं थोडे पाहिलेले नाहींत. नांव ज्याचें त्याच्याकडेच असूं द्यावें. संघानें फक्त एक वही ठेवावी. तींत रकाने इतकेच: सभासदाचें नांव, इंटरनेटवरील नांव, नोंदणी कंपनी, धारक म्हणून कोणाचें नांव लागलें आहे, मुदतीची तारीख, आणि शेवटचा उतारा पाहिल्याची तारीख व पाहणाराची सही. परवलीचे शब्द या वहींत मुळींच लिहूं नयेत. दरमहा पहिल्या तारखेस संघाच्या कारकुनानें ती चाळावी व ज्यांची मुदत तीन महिन्यांत येत असेल त्यांस निरोप धाडावा. कामास महिन्याकाठीं अर्धा तास पुरे. या अर्थाचा ठराव मी पुढील सर्वसाधारण सभेपुढें मांडणार आहें. तोंवर ज्यांस आपल्या नांवाचा उतारा काढतां येत नसेल त्यांनीं बाजाराच्या दिवशीं दुपारीं संघाच्या कचेरींत यावें, मी तेथें असतों. येतांना पावती, असेल तशी, बरोबर आणावी.

— एक पेन्शनर अव्वल कारकून